मानकापूरचं मनोरुग्णालय नेमकं कोणी चालवावं?

गोधनीकर (सोमवार, रात्री ९.४०)

थेट मुद्द्यावर येतो. आपलं नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं. मंजूर खाटा ९४०. राज्यात अशी सरकारी मनोरुग्णालयं मोजून चार, येरवडा २५४०, ठाणे १८५०, आपलं ९४० आणि रत्नागिरी ३६५. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांना जास्त दिवसांच्या भरतीसाठी हा एकच दरवाजा, म्हणजे बुलढाण्याच्या माणसाने साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर यायचं आणि सिरोंच्याच्या माणसाचा तर येण्यातच दिवस जातो.

मनोरुग्णालयांची बातमी येते, चार दिवस गाजते, कुणीतरी भेट देतं, भिंतीला चुना लागतो, संपलं. २०२३ च्या जानेवारीत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ग्वाल्हेर, आग्रा, रांची बघून आल्यावर देशातल्या सगळ्याच ४६ सरकारी मनोरुग्णालयांची अवस्था अमानवी असल्याचं म्हटलं होतं. तेही आठवडाभर छापून आलं.

माझा प्रश्न कारभाराचा आहे. लोकांशी बोललो की तीन मतं ऐकू येतात. कोणी म्हणतं सरळ स्वायत्त संस्था करा, कोणी म्हणतं मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला) जोडून टाका म्हणजे डॉक्टर मिळतील, आणि तिसरा गट म्हणतो हे मोठं आवार हळूहळू छोटं करत न्या आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दहा-वीस खाटांचा वॉर्ड करा. मला तिन्हीत थोडं थोडं पटतं पण एक गोष्ट तिन्हीत सुटते असं वाटतं. आत किती आले, किती खाटा भरल्या याची नोंद सगळे ठेवतात. बरा झालेला माणूस किती वर्षं आतच पडून आहे आणि का, याचा जाब एका ठरावीक खुर्चीला विचारता येत नाही. तर तुम्हाला काय वाटतं? शक्यतो अनुभवाने लिहा, नुसतं 'सरकारने केलं पाहिजे' नको.

तर्रीबाज

एवढ्या रात्री एवढा भारी धागा! सकाळी तर्री-पोहे पोटात गेल्यावर वाचतो बापा.

मुठाकाठ

स्वायत्तता. दुसरं उत्तर नाही. दिल्लीच्या शाहदऱ्याचं मनोरुग्णालय बघा. हाल कुत्रा खात नव्हता, सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलं आणि १९९३ ला त्याची स्वायत्त संस्था झाली, इहबास. मानसोपचाराच्या जोडीला न्यूरॉलॉजी आणली, त्यामुळे 'तिकडे गेला' हा शिक्का बराच पुसला गेला, फिट येणारा, डोकेदुखीवाला आणि उदास असलेला एकाच ओपीडीच्या रांगेत. स्वतःची माणसं भरायची, स्वतः खरेदी करायची. सरकारी खात्यात राहून हे होणार नाही.

झिंगाबाईची_सून

@मुठाकाठ तुमच्याच प्रतिसादात लिहिलंय की सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा झालं. रांचीच्या कांकेलाही कोर्टानेच व्यवस्थापन समिती बसवायला लावली होती. म्हणजे फरक पडला तो वरून कोणीतरी दर तारखेला 'काय केलं सांगा' विचारत होतं म्हणून. तो विचारणारा काढून घेतला तर स्वायत्त संस्था म्हणजे नवीन बोर्ड, नवीन लेटरहेड आणि संचालकाची मोठी गाडी.

बर्डीवाला

+१. गाडीबद्दल तर +१००.

सिस्टर_निवृत्त (मंगळवार, सकाळी ६.१५)

मी सरकारी मनोरुग्णालयात नोकरी केली, कुठल्या ते लिहीत नाही, अजून ओळखीची माणसं तिथे आहेत. तुम्ही सगळे वरच्या खुर्चीबद्दल बोलून राहिले, मी वॉर्डातलं सांगते.

रात्रपाळीला एका वॉर्डात पन्नास-साठ बाया आणि एक परिचर. कधी दोन. वर्ग चारच्या जागा रिकाम्या राहतात मग ठेकेदाराची माणसं येतात, त्यांना पगार तीन तीन महिने उशिरा, ट्रेनिंग शून्य, आणि सहा महिन्यांत चेहरा बदललेला. मनोरुग्णाला चेहरा बदलणं किती जड जातं हे कोणाला सांगू? जी बाई माझ्या हातून मुकाट्याने गोळी घ्यायची ती नवीन पोरीच्या हातून घ्यायची नाही, मग ओढाताण, मग इंजेक्शन, मग रजिस्टरला 'हिंसक'. मारामारी बहुतेक वेळा जेवणाच्या रांगेत आणि अंघोळीच्या वेळी व्हायची. का, तर गरम पाणी पहिल्या दहा जणींना आणि ताटं कमी. आमच्या एका मेट्रनने वॉर्डाचे चार गट पाडून वेळा वेगळ्या केल्या तर भांडणं निम्म्यावर आली. त्याला ना निधी लागला ना जीआर.

दुसरं कपडे. सगळ्यांना एकच कापड, धोब्याकडून येईल ते अंगावर. नाडी नाही, मापाचं नाही. उवा झाल्या म्हणून सगळ्यांचे केस कापायचे. आता नवीन कायद्यात हे चालत नाही म्हणे, पण लॉन्ड्री नीट नसली तर कायदा काय करील? बाईला स्वतःची साडी नेसायची तर ती धुऊन तिचीच तिला परत मिळाली पाहिजे, म्हणजे नंबर घालणारा माणूस पाहिजे आणि चालू मशीन पाहिजे. मशीन बंद पडलं की कागद आमच्याकडून अधीक्षकांकडे, तिथून वर, आणि दुरुस्ती बांधकाम खात्याची की कंपनीची यावर दोन महिने.

म्हणून माझं एवढंच म्हणणं, अधीक्षकाच्या हातात पैसे द्या. प्लंबर बोलवायचा अधिकार नसलेला माणूस हॉस्पिटल काय चालवणार.

तर्रीबाज

सिस्टर, दंडवत. पोहे खाल्ले, वाचलं, गप्प झालो.

काळा_कोट

सिस्टर म्हणतात तो मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अमलात २०१८ ला. कलम २० वाचा, बरंच नेमकं लिहिलंय. सक्तीने मुंडण नको, स्वतःचे कपडे घालायची मुभा, सक्तीचं काम नको आणि केलं तर मोबदला. कलम ९५ मध्ये भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देणं बंद, साखळीने बांधणं कुठल्याही कारणाने बंद.

गोधनीकरांच्या प्रश्नाला मात्र कलम १९ लागू आहे. घरचे नेत नाहीत, घरच नाही, किंवा बाहेर राहायची सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही आत ठेवता येणार नाही. आणि अशी सोय, म्हणजे हाफवे होम, ग्रुप होम, सरकारने करायची आहे. 'बघू' नाही, करायची आहे.

आणि जाब विचारणारी खुर्चीसुद्धा कायद्यात आहे. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा निवृत्त न्यायाधीश, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोन सदस्य स्वतः आजार भोगलेले किंवा घरी सांभाळणारे किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे. आधाराने, म्हणजे स्वतःच्या नाही तर प्रतिनिधीच्या अर्जावर, भरती केलेला रुग्ण ३० दिवसांच्या पुढे ठेवायचा तर प्रकरण मंडळापुढे गेलंच पाहिजे, मंडळाने २१ दिवसांत हो किंवा नाही सांगायचं, मुदतवाढ आधी ९० दिवस, मग १२०, मग १८०. अर्जाला फी नाही.

मुक्कामपोस्ट_सदर

वा, कागदावर तर स्वित्झर्लंड झालं.

काळा_कोट

@सदर म्हणूनच लिहिलं. आपल्या राज्यात ही मंडळं नीट बसायला मुंबई हायकोर्टाला मध्ये पडावं लागलं, तेही एका मानसोपचारतज्ज्ञाने जनहित याचिका केली तेव्हा. त्याच्या आधी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्राला सांगितलं होतं की बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं ताबडतोब थांबवा. म्हणजे विचार करा, 'बाहेरची सोय' विचारली तर आपल्याकडे काय काढलं होतं!

सावजी_किंग

सगळं प्रायव्हेट करून टाका, टेंडर काढा, दर रुग्णामागे पैसे द्या. सरकारी माणसाच्या हातून काही होत नसते.

झिंगाबाईची_सून

@सावजी_किंग तामिळनाडूत एरवडी नावाचं गाव आहे. ६ ऑगस्ट २००१. दर्ग्याच्या भोवती खाजगी माणसांनी पैसे घेऊन मनोरुग्ण ठेवायच्या झोपड्या चालवल्या होत्या, त्यातल्या एकीला आग लागली आणि २८ जण साखळीला बांधलेल्या अवस्थेत गेले. दर रुग्णामागे पैसे म्हटलं की रुग्ण जितका जास्त दिवस राहील तितकं ठेकेदाराचं भलं. मग सोडेल कोण?

सावजी_किंग

ते लायसनशिवायचे होते, मी टेंडरवाल्याची गोष्ट करून राहिलो. दोन्हीत फरक आहे.

बर्डीवाला

हाव, फरक आहे. टेंडरवाल्याकडे लायसन अस्ते.

बंड्या_अकोट

मी जास्त लिवत नाई पन हा धागा पाहून लिवतो. आमच्या घरी मोठ्या भावाले हा आजार हाय. स्किझोफ्रेनिया म्हनते. तुमी लोकं सगळे म्हनून राहिले का घरचे नेत नाई, घरचे टाकून देते. आमी नाई टाकला. पन मले इचारा काय होते ते.

भाऊ भरती असला का दोन महिन्यात चांगला होते. इतका चांगला का शेतात डवरनी करते, बैल धुते. डिस्चार्जच्या कागदावर तीन गोया आन महिन्याचं एक इंजेक्शन लिवून देते. मंग ते इंजेक्शन तालुक्याले भेटत नाई. ग्रामीन रुग्णालयात गेलो तं म्हनते जिल्ह्याले जा. जिल्ह्याले डॉक्टर आठवड्यातून ठराविक वारीच बसते, औषध कधी हाय कधी नाई. बाहेरून घ्या म्हनते. सोयाबीन निंगेपर्यंत पैसा कोठून आनाव? दोन महिने गोया चुकल्या का रात्री उठून गावभर फिरते, मंग लोकं दोर घेऊन येते, मंग पुन्हा एवढ्या दूर नागपूरले भाड्याची गाडी करून. आन तिथं पोचलं का पयले बोलने बसते, "औषध बंद काहून केलं?"

आमच्या गावात एका घरचा मानूस खरंच कोनी आनला नाई. त्याचा वावरातला हिस्सा भावायनं आपल्या नावावर करून घेतला. तो परत आला तं वांदा. असे बी हाय. पन सगळ्यायले एका मापानं नका मोजू.

तं तुमचं मंडळ गिंडळ ठीक हाय, मले तालुक्याले इंजेक्शन द्या. नागपूरले कोन साहेब हाय याच्याशी मले काई घेनंदेनं नाई.

काळा_कोट

@बंड्या_अकोट भाऊ, हे तुमच्या हक्कातलं आहे. त्याच कायद्याचं कलम १८, आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची सगळी औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात फुकट आणि कायम मिळाली पाहिजेत. आपल्याकडे ते केंद्र म्हणजे तुमचं ग्रामीण रुग्णालयच. लेखी मागा आणि पोच घ्या. 'उपलब्ध नाही' असं लिहून द्यायला सांगा. लिहून द्यायची वेळ आली की कधी कधी औषध सापडतं.

निवासी_डॉक्टर_नं_७

मानसोपचारात एमडी करतोय, म्हणून थोडं आतलं. 'मेडिकलला जोडा' म्हणणं सोपं आहे पण मेडिकल आणि मेयो ही दोन्ही सरकारी कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याची, मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं. दोन खाती, दोन सचिव, दोन बजेट, दोन बदल्यांच्या याद्या. आमच्या प्रोफेसरने तिकडच्या वॉर्डात राउंड घ्यायचा तर त्यांचा आदेश तिथे चालेल का इथून प्रश्न. हे अशक्य नाही, पण एका पत्राने होत नाही.

याचा त्रास कुठे होतो सांगतो. जुन्या रुग्णाला नुसता मानसिक आजार नसतो. वर्षानुवर्षं ओलान्झापिन घेऊन वजन वाढतं, शुगर वाढते. क्लोझापिनवर असेल तर पांढऱ्या पेशी ठरावीक दिवसांनी तपासाव्याच लागतात, लिथियम असेल तर रक्तातली पातळी, किडनी, थायरॉइड. फिट येते, पडून खुबा मोडतो. मनोरुग्णालयात फिजिशियन पूर्ण वेळ नसेल तर रुग्ण दुसऱ्या हॉस्पिटलला पाठवायचा, सोबत एक परिचर जातो, म्हणजे सिस्टर सांगतात तो एकुलता एक परिचरही वॉर्डातून गेला. आणि इकडे कॅज्युअल्टीत 'मेन्टलचा पेशंट' म्हटलं की त्याचं पोट दुखतंय हे कोणी ऐकून घेत नाही, हे मी माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल बोलतोय. (कुठली कॅज्युअल्टी ते विचारू नका, सगळीकडच्या.)

त्यामुळे स्वायत्त करा नाहीतर जोडा, साखर आणि बीपी बघणारा माणूस तिथे रोज बसला पाहिजे.

शुक्रवारी_तलाव

जरा विषयांतर करतो. नागपूरकरांना माहीत असेल पण बाहेरच्यांसाठी. ताजबागचे ताजुद्दीन बाबा याच पागलखान्यात १८९२ पासून १९०८ पर्यंत होते, म्हणजे सोळा वर्षं. आणि तिथेच लोक दर्शनाला यायला लागले. शेवटी राजे रघुजीराव भोसल्यांनी हमी घेऊन त्यांना बाहेर आणलं आणि शक्करदऱ्याला आपल्या वाड्यात ठेवलं. ते राहिले ती जागा अजून आवारात आहे, भाविक जातात.

बर्डीवाला

म्हणजे १९०८ मध्ये पण डिस्चार्जला राजाची ओळख लागत होती!

शुक्रवारी_तलाव

@बर्डीवाला हसू नका, खरंच तोच मुद्दा आहे. कोणीतरी 'माझ्या जबाबदारीवर' म्हणेपर्यंत सुटका नाही. तेव्हा राजा मिळाला. आता बेवारस माणसासाठी सही कोण करणार?

तर्रीबाज

ताजबागचा विषय निघालाच आहे तर उर्सातला हलवा-पराठा...

संपादक

तर्रीबाज, खाण्याचा धागा वेगळा आहे. इथे विषयावर.

तर्रीबाज

बरं. संपादकांनाच डबा पाठवतो.

मामाचं_गाव_काटोल

बेवारस रुग्णांबद्दल. पोलीस ज्यांना रस्त्यावरून उचलून आणतात त्यांच्यात परप्रांतातले भरपूर असतात, बंगाल, बिहार, आंध्र, कुठून कुठून रेल्वेत बसून आलेले, आणि नागपूर म्हणजे जंक्शन. गावाचं नाव धड सांगता येत नाही, सांगितलं तर आपल्याला कळत नाही. मुंबईजवळ कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था हेच काम करते, रस्त्यावरचा मनोरुग्ण उचलायचा, बरा करायचा, आणि सोबत माणूस देऊन थेट त्याच्या गावात पोचवायचा. २०१८ ला मॅगसेसे मिळालं त्यांना. त्यात विशेष तंत्र काही नाही. त्या त्या भाषेचा कार्यकर्ता, फोन आणि रेल्वेचं तिकीट.

आणि आपल्या मानकापूरच्या आधार केंद्रात हरवलेली मुलं ठशांवरून घरी गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. नवीन आधार काढायला बोटं टेकवली तर 'आधीच नोंद आहे' म्हणून अर्ज परत येतो, म्हणजे माणसाचं नाव-गाव कुठेतरी आहे. मनोरुग्णालय आणि ते केंद्र एकाच भागात. महिन्यातून एक दिवस मशीन घेऊन वॉर्डात बसायला काय जातं?

निवासी_डॉक्टर_नं_७

आधारची शिबिरं मनोरुग्णालयांत होतात, पण मागे लागणारा समाजसेवा अधीक्षक असला तर. ती पदं भरा. आमच्या कामातलं निम्मं श्रेय त्या लोकांचं असतं आणि जाहिरात निघताना शेवटचा नंबर त्यांचा.

मुठाकाठ

इटलीत १९७८ ला कायदा करून मोठी मनोरुग्णालयं बंद करायला घेतली, त्रिएस्तेला बासालिया नावाच्या डॉक्टरने आधी करून दाखवलं होतं, दरवाजे उघडले, शहरात केंद्रं काढली. आपणही तेच करायला हवं. ९४० खाटांची इमारत सुधारण्यात अर्थच नाही.

झिंगाबाईची_सून

काल स्वायत्तता, आज कुलूप? अहो शहरातली केंद्रं आधी, मग दरवाजे. अमेरिकेत दरवाजे आधी उघडले आणि केंद्रांचे पैसे आलेच नाहीत पुरेसे, कितीतरी रुग्ण फुटपाथवर आणि तुरुंगात गेले. बंड्याभाऊंच्या तालुक्याला इंजेक्शन पोचत नाही तोवर इथली एक खाट कमी करू नका.

मुठाकाठ

मत बदललेलं नाही. स्वायत्त संस्था ९४० वरून ३०० वर आणू शकते, सरकारी खातं नाही आणू शकत, कारण खात्याला खाटांवर पदं मिळतात. खाट कमी झाली की पद जातं. कोण स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेईल?

गोधनीकर (बुधवार, दुपारी १.०५)

@मुठाकाठ हा मुद्दा एकदम बरोबर आणि धाग्यात पहिल्यांदा आला. पदं खाटांवर, म्हणजे बक्षीस भरण्याला. पण मग स्वायत्त संस्थेचं अनुदान कशावर ठरवणार? तेही खाटांवर ठरलं तर फिरून तिथेच.

सावजी_किंग

तुम्ही सगळे आता माझ्यावरच येऊन राहिले. पैसा कशाच्या हिशेबाने द्यायचा, मी काय वेगळं म्हटलं होतं?

वर्धा_रोड_ताई

मी एका संस्थेत काम करते, बऱ्या झालेल्या बायकांचं पुनर्वसन. संस्थेचं नाव नको. चेन्नईची द बनियन, १९९३ पासूनची, त्यांचा 'होम अगेन' म्हणून प्रकार आहे. चार-पाच जणी एका भाड्याच्या साध्या घरात, साध्या वस्तीत, सोबत एक मदतनीस. तामिळनाडू, केरळ, आसाममध्ये आहे, आपल्याकडे रत्नागिरीलाही केलंय. ज्या बाईबद्दल 'ही आता कुठे जाणार, वीस वर्षं झाली' म्हणतात ती भाजी घासाघीस करून आणते, शेजारणीच्या हळदीकुंकवाला जाते.

इथे अडतं ते घरमालकापाशी. आणि वस्तीपाशी. नागपुरात घर शोधताना आम्हाला 'बॅचलर चालतील, कुत्रा चालेल, हे नको' असं तोंडावर ऐकायला मिळालंय. एका सोसायटीने मीटिंग घेतली, सगळे शिकलेले लोक, म्हणाले आमच्या मुलांवर परिणाम होईल. शेवटी घर दिलं ते एका रिटायर्ड एसटी ड्रायव्हरने. त्यांची बहीण आजारी होती म्हणून.

बँकेचं खातं, रेशन कार्ड, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र), संजय गांधी निराधारचा अर्ज, हे सगळं डिस्चार्जच्या आधी, आत असतानाच व्हायला पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहेच. बाहेर आल्यावर पत्त्याचा पुरावा नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून पेन्शन नाही, आणि पैसे नाहीत म्हणून औषध नाही.

मुक्कामपोस्ट_सदर

ताई, आमच्या अपार्टमेंटचा वरचा मजला रिकामा आहे पण सेक्रेटरी मीच आहे आणि मला माहीत आहे मीटिंगमध्ये काय होईल ते. तरी विचारतो. खोटं आश्वासन देत नाही.

वर्धा_रोड_ताई

@सदर विचारा. व्यनि (खासगी निरोप) करते.

काटोल_संत्री

नागपुरात काहीच झालं नाही असंही नको. टाटा ट्रस्ट्स आणि राज्य सरकारचा 'उडान' २०१६ पासून याच मनोरुग्णालयाला धरून होता, आणि आवारापुरतं नाही, जिल्ह्यात गावपातळीवरही काम. मला त्यातून प्रश्न पडतो तो वेगळाच. ट्रस्टचा पैसा आणि माणसं असताना जे होतं ते ट्रस्ट निघाल्यावर कोणाच्या बजेटमध्ये जातं? करार करतानाच लिहिलं पाहिजे, तिसऱ्या वर्षापासून ही पदं शासनाची.

बर्डीवाला

आणि जमीन? शहरात एवढं मोकळं आवार आहे, 'छोटं करा' म्हणणाऱ्यांच्या मागे कोण उभं राहील सांगू का? बिल्डर. जमीन रुग्णांच्या नावे राहील असं आधी लिहून घ्या मग छोटं करा.

सिस्टर_निवृत्त

भेटींबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आधी अभ्यागत समिती यायची, आता मंडळ येईल. साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी नवीन चादरी कपाटातून निघायच्या, भेट झाली की परत कपाटात, मोजून. रुग्णाला विचारायचे "जेवण चांगलं असतं ना?" आणि बाजूला आम्ही उभ्या. ती काय बोलेल? मंडळाने न सांगता यावं, रात्री आठनंतर यावं, आणि आमच्याशिवाय बोलावं. एवढं केलं तरी माझ्या मते पुष्कळ.

मुठाकाठ

सिस्टरांच्या या प्रतिसादावर मात्र वाद नाही.

गोधनीकर (बुधवार, रात्री १०.२०)

तर मूळ प्रश्नावर परत. खुर्ची कोणाची यावर आपलं एकमत होणार नाही आणि मला आता ते तितकं अडचणीचं वाटत नाही. मी ठरवलंय की माहिती अधिकारात अर्ज टाकायचा. बरे होऊनही एक वर्षाच्या वर, पाच वर्षांच्या वर, दहा वर्षांच्या वर आत असलेले किती. मंडळाच्या बैठका किती झाल्या आणि ३० दिवसांच्या पुढची किती प्रकरणं त्यांच्यासमोर गेली. अधीक्षक स्वतःच्या सहीने किती रुपयांपर्यंत दुरुस्ती आणि औषध खरेदी करू शकतात. समाजसेवा अधीक्षक आणि परिचरांची मंजूर पदं किती, भरलेली किती. अजून काय विचारू?

काळा_कोट

नावं मागू नका, गोपनीयतेखाली नाकारतील. फक्त आकडे. मंडळाचा अर्ज वेगळा टाका, त्यांचा माहिती अधिकारी वेगळा असेल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, ३० दिवसांनी उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, तेव्हा मला सांगा. आणि आपल्या राज्यात अर्जाला शब्दमर्यादा आहे, एका अर्जात एकच विषय ठेवा.

बंड्या_अकोट

आमच्या जिल्ह्याचं बी इचारा. ते महिन्याचं इंजेक्शन वर्षात किती महिने संपलेलं व्हतं, तालुक्यागनिक.

गोधनीकर

@बंड्या_अकोट ते तुमच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे टाकावं लागेल. मी मसुदा करून देतो, सही तुमची.

बंड्या_अकोट

द्या. करतो सही.

सिस्टर_निवृत्त

लॉन्ड्रीचं मशीन चालू आहे का तेही घाला. आणि बंद असेल तर कोणत्या तारखेपासून.